एका 'अ'ची किंमत
(नभोवाणीवरून दिलेले भाषण)

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. माझा एक जुना विद्यार्थी परगावच्या एका शाळेत शिक्षकाच्या जागेसाठी अर्ज करीत होता व शिफारसपत्र मागावयास माझ्याकडे आला होता. मुलगा हुशार, वर्तनाने चोख, आणि वर्षभर एका रात्रीच्या वर्गात त्याने विनावेतन शिकविलेले. मी मोठ्या प्रेमाने इंग्रजीत पत्र लिहून दिले व त्यात एक वाक्य घातले : 'ही हॅज लिटल एक्स्पिरिअन्स ऑफ टीचिंग.' माझ्या मनात होते, 'याला शिकविण्याचा थोडासा अनुभव आहे.' ती जागा दुसऱ्या कोणास मिळाली. पुढे निवड समितीतील एक गृहस्थ मला एका लग्नात भेटले. विषय निघाला तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, मुलगा आम्हांला आवडला होता. पण त्याला शिकविण्याचा अनुभव जवळजवळ नाहीच, असे आपणच लिहिले होते!" घरी येऊन मी पत्राची नक्कल काढून पाहिली. खरोखरच मी तसे लिहिले होते. 'लिटल'च्या आधी एक 'अ' घालावयाचा राहिला होता.

जन्मभर मुलांना इंग्रजी शिकविलेल्या माणसाच्या हातून ही चूक झाली. म्हणूनच 'अ', 'अॅन', 'द' ही उपपदे आणि 'फ्यू', 'लिटल', 'मच', 'मेनी', 'सम', 'एनी' ही परिमाण दाखविणारी चिमुकली विशेषणे यांविषयी आज चार शब्द बोलावे असे मी ठरविले.

आपली या ठिकाणी चूक का होते? मराठीत उपपद नाही, संस्कृतातही नाही. आपल्यापैकी जे इंदूर-ग्वाल्हेरकडे राहतात त्यांच्या कानांवर हिंदी पडते, बडोद्यास गुजराती, बेळगावास कानडी, हैदराबादेस तेलुगू. यांपैकी एकाही भाषेत ही सोय नाही. अपवाद गोव्यातील ज्या वडीलधाऱ्यांचे शिक्षण पोर्तुगीजमधून झाले त्यांचा. पोर्तुगीज भाषेत उपपदे भरपूर आहेत, इतकी की 'जीवन' अशा भाववाचक नामाआधीही उपपद लागते. त्यामुळे त्यांची चूक झालीच तर उलट दिशेने होते. जेथे इंग्रज 'लाइफ इज शॉर्ट' म्हणतो, तेथे ते 'द लाइफ' म्हणून जातात. आपण बाकीचे मात्र गाळणारे. तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमाला गिरवून आपल्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. पण मराठी वाक्यातील शब्दास शब्द ठेवीत गेले, तर 'द'ला जागाच उरत नाही. आणि तोच तर इंग्रजीत सर्वांत अधिक वेळा येणारा शब्द आहे!

तथापि उपपद नाही म्हणून त्यामागील भेद आपणांस कळत नाही, असे मुळीच नाही. 'मी नोकर शोधतो आहे' आणि 'मी नोकराला शोधतो आहे' ही दोन वाक्ये पाहा. पहिल्या माणसास कोणी तरी कामाला हवा आहे. दुसऱ्याचा ठरलेला नोकर बाजारात गेला आहे आणि अद्याप परतलेला नाही. इंग्रजीत पहिल्या ठिकाणी 'अ सर्व्हंट' येईल, दुसऱ्या ठिकाणी 'द सर्व्हंट'. एवढे मोठे काम आपल्याकडे एका 'ला' प्रत्ययाने केले.

आजी नातवंडांना गोष्ट सांगते तेव्हा ती हेच करीत असते. 'एका गावात एक म्हातारी राहत असे. त्या म्हातारीजवळ एक शेळी होती. ती शेळी एके दिवशी रानात गेली.' प्रथम 'एक', नंतर 'ती'. ऐकणाऱ्यास जी वस्तू नवी, तिला 'एक'. जी एकदा ओळखीची झाली, तिला 'ती'. इंग्रजी उपपदांचे सारे मर्म एवढेच आहे, आणि त्यांची व्युत्पत्तीही हेच सांगते. 'अॅन' हा 'एक' या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दाचा झिजलेला अवशेष, आणि 'द' हा 'तो-ती-ते' अशा दर्शक सर्वनामाचा. फरक इतकाच की आपण हे शब्द गरजेपुरते वापरतो, आणि इंग्रजाने ते वापरणे सक्तीचे केले.

तेव्हा पहिला नियम असा लक्षात ठेवावा : मी ज्या वस्तूविषयी बोलतो आहे, ती नेमकी कोणती हे माझ्या श्रोत्यास ठाऊक आहे काय? असेल तर 'द'. नसेल आणि वस्तू एक असेल तर 'अ'. मला ठाऊक आहे की नाही, हा प्रश्नच नाही. सूर्य एकच, म्हणून 'द सन'. घरातील स्वयंपाकघर सर्वांना ठाऊक, म्हणून 'द किचन'. जेथे सबंध जातीविषयी वा पदार्थाविषयी सर्वसाधारण विधान असते, तेथे काहीच नको. 'गोल्ड इज डिअर' म्हणजे सोने महाग आहे. 'द गोल्ड' म्हटले की आपल्या पेटीतले सोने आले.

काही ठिकाणी उपपद नसणे हेच अर्थपूर्ण असते. मुलगा 'टु स्कूल' जातो, कारण तो शिकावयास जातो. त्याचे वडील गुरुजींकडे गाऱ्हाणे घेऊन जातात ते 'टु द स्कूल'. अपराधी 'इन प्रिझन' असतो. त्याला भेटावयास गेलेला वकील 'इन द प्रिझन'. वकिलाच्या वाक्यातला 'द' गळाला, तर बिचाऱ्यास शिक्षा झाली असे होईल! भूगोलातही रूढी पाळाव्या लागतात. नद्यांना व पर्वतांच्या रांगांना 'द' लागतो : 'द नर्मदा', 'द गोदावरी', 'द विंध्याज'. एकट्या शिखरास लागत नाही. कळसूबाई ही नुसती कळसूबाईच. शहरांनाही लागत नाही. पण 'द डेक्कन' आणि 'द कोकण' अशी प्रदेशांची नावे मात्र इंग्रजी पुस्तकांतून 'द'सह आढळतात.

'अ' की 'अॅन', हा प्रश्न अगदी सोपा असून आपण तो उगाच अवघड करतो. पुढील शब्दाचे पहिले अक्षर स्वर आहे काय, असे आपण पाहतो. वस्तुतः अक्षर नव्हे, ध्वनी पाहावयाचा असतो, आणि येथे आपली देवनागरी आपल्या मदतीस येते. शब्द देवनागरीत लिहून पाहा. 'युनिव्हर्सिटी' हा शब्द 'य'ने सुरू होतो, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. 'वन' हा शब्द 'व'ने, म्हणून 'अ वन-रूपी नोट'. 'अवर' म्हणजे तास, हा 'अ'ने, म्हणून 'अॅन अवर'. 'अ बी. ए.' पण 'अॅन एम. ए.' इंग्रजी लिपीत जो नियम अपवादांनी भरलेला वाटतो, तो देवनागरीत एकही अपवाद न ठेवता उलगडतो. मात्र उच्चार शुद्ध हवा. आपल्यापैकी काहीजण 'एक'चा उच्चार 'येक' असा करतात, ते 'एम. ए.'लाही 'येम. ये.' म्हणू लागले, तर कान त्यांना फसवील. गंमत अशी की खुद्द इंग्रजांचे कानही फसलेले आहेत. स्वयंपाक करताना बांधावयाचा 'अॅप्रन' हा मुळात 'नॅप्रन' होता. 'अ नॅप्रन' म्हणता म्हणता त्यातील 'न' उपपदास जाऊन चिकटला, आणि 'अॅन अॅप्रन' झाले.

आता परिमाणाकडे वळू. इंग्रजी माणूस नामांची प्रथम दोन घरे करतो : मोजता येणारी आणि न येणारी. मोजता येणाऱ्यांना 'मेनी' आणि 'फ्यू'. न येणाऱ्यांना 'मच' आणि 'लिटल'. आंबे 'मेनी', दूध 'मच'. येथवर अडचण नाही. अडचण येते ती दोन्ही भाषांची घरे जुळत नाहीत तेथे. आपल्या बातम्या मोजता येतात; इंग्रजाची 'न्यूज' येत नाही, म्हणून 'अ न्यूज' चूक. आपण केस मोजू शकतो. डोक्यावरचे सारे केस इंग्रजीत नुसते 'हेअर'. 'फर्निचर', 'अॅडव्हाइस', 'इन्फर्मेशन', 'लगेज' यांना 'अ' लागत नाही, की त्यांचे अनेकवचन होत नाही. त्यांतील एक सुटे काढावयाचे असेल तर 'अ पीस ऑफ अॅडव्हाइस' म्हणावे. ही रीतही आपणांस परकी नाही. पाण्याचा घोट, मिठाची चिमूट, भाकरीचा तुकडा असे आपण नेहमीच म्हणतो. उपदेशाचा मात्र तुकडा करीत नाही, इतकेच.

आता माझ्या त्या वाक्याकडे येतो. 'फ्यू' आणि 'अ फ्यू', 'लिटल' आणि 'अ लिटल' यांत संख्येचा किंवा मापाचा भेद नाही. बोलणाऱ्याच्या दृष्टीचा भेद आहे. खिशात पाच रुपये आहेत. 'अ फ्यू रुपीज' म्हणणारा म्हणतो, 'आहेत थोडे, चहापुरते होतील.' 'फ्यू रुपीज' म्हणणारा म्हणतो, 'थोडेच आहेत, काय पुरणार?' हा भेद मराठीत आपला 'च' दाखवितो. 'थोडे' आणि 'थोडेच'. आपण एक अक्षर वाढवून निराशा दाखवितो. इंग्रज एक अक्षर गाळून. आपली चूक होते ती येथे. मराठी मनात 'थोडे' हा मूळचा, बिनप्रत्ययाचा, आशेचा शब्द आहे. म्हणून त्याच्या जागी आपण इंग्रजीतलाही मूळचा शब्द ठेवतो, आणि तो नेमका निराशेचा निघतो. हे एकदा उमगले की ही चूक पुन्हा सहसा होत नाही. 'थोडे' म्हणजे 'अ लिटल'. 'थोडेच' म्हणजे 'लिटल'.

'सम' आणि 'एनी' यांतही असाच भावाचा भेद आहे. होकारार्थी वाक्यात 'सम', नकारार्थी व प्रश्नार्थक वाक्यात 'एनी', असे आपण पाठ केलेले असते. परंतु पाहुण्यास चहा विचारताना इंग्रज 'सम टी' म्हणतो, 'एनी टी' नव्हे. कारण उघड आहे. 'चहा घेणार का?' आणि 'थोडा चहा घ्या ना' यांत जे अंतर, तेच या दोहोंत. 'सम'मध्ये यजमानाने होकार गृहीत धरलेला असतो.

इतक्या बारीक गोष्टींनी प्रत्यक्ष व्यवहारात काय बिघडते, असे कोणी विचारील. आपल्या गावोगावच्या मंडळांचे, ग्रंथालयांचे नियम पुष्कळदा इंग्रजीत असतात. धनादेशावर 'द सेक्रेटरी अॅन्ड ट्रेझरर' यांची सही हवी असे लिहिले, तर दोन्ही पदे सांभाळणाऱ्या एका माणसाची सही पुरेल. 'द सेक्रेटरी अॅन्ड द ट्रेझरर' म्हटले, तर दोघांच्या सह्या लागतील. एका 'द'ने संस्थेच्या तिजोरीला दुसरे कुलूप लागते.

आणि राष्ट्रांच्या व्यवहारात काय होते, त्याचे एकच उदाहरण देतो. १९६७ च्या जूनमध्ये इस्रायल व अरब राष्ट्रे यांचे युद्ध झाले. त्यानंतर २२ नोव्हेंबर १९६७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने आपला २४२ क्रमांकाचा ठराव एकमताने संमत केला. युद्धात व्यापलेल्या प्रदेशांतून इस्रायली सैन्याने माघार घ्यावी, असे त्यात आहे. परंतु इंग्रजी मसुद्यात 'टेरिटरीज' या शब्दाआधी 'द' नाही. फ्रेंच मसुद्यात त्याच जागी निश्चित उपपद आहे. 'द' नाही म्हणून सर्व प्रदेश सोडण्याचे बंधन नाही, असा अर्थ इस्रायलने लावला. ठरावाचा अर्थ सर्वच प्रदेश असा आहे, असे अरब राष्ट्रांनी म्हटले. हा 'द' अनवधानाने राहिलेला नव्हता; मसुदा करणाऱ्यांनी तो विचारपूर्वकच घातला नव्हता. अर्धशतक उलटून गेले, तरी त्या रिकाम्या जागेविषयीचा वाद मिटलेला नाही.

म्हणून, श्रोतेहो, इंग्रजी लिहून झाल्यावर ते एकदा मोठ्याने वाचावे आणि प्रत्येक नामापाशी क्षणभर थांबून तीन प्रश्न विचारावे. ही वस्तू मोजता येते काय? ती नेमकी कोणती, हे वाचणाऱ्यास ठाऊक आहे काय? आणि जेथे 'फ्यू' वा 'लिटल' आले असेल तेथे, मला 'थोडे' म्हणावयाचे आहे की 'थोडेच'? या तीन प्रश्नांनी सर्व चुका टळतील असे नाही, पण मोठ्या चुका टळतील. उपपद म्हणजे व्याकरणाचा जाच नव्हे. आपल्या बोलण्यातले ऐकणाऱ्यास किती ठाऊक आहे, याची बोलणाऱ्याने घेतलेली ती काळजी आहे.

त्या विद्यार्थ्यास मी नंतर पत्र लिहून माझी चूक कबूल केली व नवे शिफारसपत्र सोबत जोडले. त्याने उत्तरात माझा एका शब्दानेही दोष काढला नाही. पण ते दुसरे पत्र पाकिटात घालण्यापूर्वी मी तीनदा मोठ्याने वाचले होते, आणि प्रत्येक वेळी त्या एका 'अ'वर बोट ठेवून तो जागेवर असल्याची खात्री करून घेतली होती.