स्नेह, जनुके आणि कर्करोग : हेतू कोणता, पूर्वरूप कोणते?

२०१६ च्या उन्हाळ्यात एक शाकाहारी गृहस्थ वृत्तपत्राचे कात्रण घेऊन आमच्या चिकित्सालयात आले. पिढ्यान् पिढ्या शाकाहार करणाऱ्यांची जनुके बदलतात व त्यांना कर्करोगाचा धोका अधिक असतो, असा त्या बातमीचा आशय होता. ‘‘डॉक्टर, आता तेल सोडायचे का?’’ असा त्यांचा प्रश्न. आम्ही पाव तास स्नेहद्रव्यांची चर्चा केली, करडईचे तेल बंद करून साजूक तूप घेण्यास सांगितले आणि त्यांना निरोप दिला. मलप्रवृत्तीविषयी मात्र एकही प्रश्न विचारला नाही. चार महिन्यांनी त्यांना मलाशयाच्या कर्करोगाचे निदान झाले. मलातून रक्त तेव्हाही जात होते. ते त्यास मूळव्याध समजत होते. ती चूक आमची होती, आणि त्या बातमीच्या मुळाशी जाण्यास तीच कारण ठरली.

आहारातील स्नेह आणि कर्करोग यांचा संबंध तपासणे अवघड आहे. जो मनुष्य तळलेले अधिक खातो, तो बहुधा व्यायाम कमी करतो, कदाचित तंबाखूही खातो. मग हेतू कोणता मानावा? शिवाय रोग झाल्यावर शरीरात होणारा बदल हाच आपण रोगाचा हेतू समजण्याची भीती असते. कर्करोगाच्या रुग्णांत रक्तातील कोलेस्टेरॉल कमी आढळते, असे पूर्वी दिसले होते. हे अल्प कोलेस्टेरॉल हेतू मानावे, की दडलेल्या व्याधीचे पूर्वरूप?

१९८६ मध्ये मार्टिन काटान या डच शास्त्रज्ञांनी ‘द लॅन्सेट’मधील पत्रात एक मार्ग सुचविला. अपोलिपोप्रोटीन-ई या जनुकाच्या एका प्रकारामुळे काही व्यक्तींचे कोलेस्टेरॉल आयुष्यभर कमी राहते. जनुक गर्भधारणेच्या वेळीच ठरते. पुढे झालेला रोग ते बदलत नाही. अल्प कोलेस्टेरॉल हा खरोखर हेतू असेल, तर असे जनुक असणाऱ्यांत कर्करोग अधिक आढळला पाहिजे. पुढे २००९ व २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत तसे आढळले नाही. या पद्धतीस आज ‘मेंडेलियन रँडमायझेशन’ म्हणतात. आपल्या परिभाषेत हे अनुमान प्रमाणच होय.

आता त्या कात्रणाकडे वळू. २०१६ चा तो अभ्यास अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांचा होता आणि त्यात पुण्यातील प्रामुख्याने शाकाहारी अशा २३४ व्यक्तींचे जनुकीय नमुने होते. शरीरातील एफएडीएस-२ हे जनुक वनस्पती-तेलातील लिनोलिक आम्लापासून अरॅकिडॉनिक आम्ल तयार होण्यास साहाय्य करते. हे रूपांतर अधिक वेगाने घडविणाऱ्या प्रकाराच्या दोन्ही प्रती पुण्याच्या गटात ६८ टक्के, तर अमेरिकी गटात १८ टक्के व्यक्तींत आढळल्या. परंतु या अभ्यासात कर्करोग मोजलेलाच नव्हता! अरॅकिडॉनिक आम्लापासून दाह वाढविणारी द्रव्ये बनतात, एवढ्या दुव्यावर बातमीदारांनी पुढचा मजला चढविला.

कर्करोगाचे उत्तर शोधणारा मोठा अभ्यास २०२३ मध्ये आला. ज्यांची जनुके हे रूपांतर अधिक करतात, त्यांच्यात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका काहीसा अधिक दिसला. प्रजननसंस्थेच्या कर्करोगांत तसा संबंध दिसला नाही. हा निष्कर्ष दुर्लक्षणीय नाही. पण त्याच्या मर्यादा जाणून घ्याव्यात. हे जनुक एकाच वेळी अनेक स्नेहाम्लांचे प्रमाण बदलते, म्हणून दोष नेमका कोणाचा हे सांगणे कठीण. अशा अभ्यासांतील बहुसंख्य व्यक्ती युरोपीय वंशाच्या असतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जनुक सांगते ते देहातील पचन-परिणमनाविषयी. कढईत किती पळ्या तेल पडले, हे ते सांगत नाही.

आहार प्रत्यक्ष बदलून पाहिलेला प्रयोगही आपल्यासमोर आहे. अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’मध्ये ४८,८३५ स्त्रिया सहभागी होत्या. सुमारे आठ वर्षे अल्पस्नेह आहार घेऊनही स्तनाच्या वा मोठ्या आतड्याच्या कर्करोगात निश्चित म्हणावी अशी घट झाली नाही, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. याउलट प्रक्रिया केलेले मांस मोठ्या आतड्याच्या कर्करोगास कारण ठरते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये जाहीर केले. शाकाहारास दोषी ठरविणारा पुरावा यांत कोठेही नाही.

म्हणून रुग्णास तेल वा तूप सांगताना ते अग्नी, प्रकृती, वय, व्यायाम व मात्रा पाहून सांगावे. कर्करोगाच्या नावाने ना भय दाखवावे, ना अभय द्यावे. आम्ही तुपाचा सल्ला दिला, त्यास या पुराव्याचा कोणताही आधार नव्हता. औषधनिर्मात्या बंधूंनाही विनंती, की घृत वा तैलाच्या वेष्टनावर ‘जनुकशास्त्राने सिद्ध’ असे शब्द घालण्याचा मोह टाळावा. कर्करोगावरील उपायाची जाहिरात तर १९५४ च्या कायद्याने निषिद्धच आहे.

आमच्या चिकित्सालयात आता एक नियम आहे. गुदमार्गे रक्तस्राव, मलप्रवृत्तीत झालेला बदल, अकारण घटलेले वजन वा पांडुता यांपैकी काहीही असल्यास अर्शाची चिकित्सा आरंभण्यापूर्वी गुदपरीक्षण करावयाचे आणि आवश्यक तेथे कोलोनोस्कोपीसाठी पाठवावयाचे. स्नेहचर्चा त्यानंतर.