फाट्यामागचं गाव

नाशिक फाटा कुणाला सांगावा लागत नाही. मंचर, नारायणगाव, संगमनेरची माणसं पिशव्या सांभाळत इथेच एसटीची वाट बघतात. पण हा फाटा ज्या गावाला लागून आहे, त्या कासारवाडीचं नाव सहसा कुणाच्या तोंडी येत नाही. लग्न होऊन इथे आले तेव्हापासून मला हे खुपतं.

आमची वाडी पवनेच्या अलीकडे, पलीकडे पिंपळे गुरव. खंडाळा–पुणे रेल्वे १८५८ मध्ये सुरू झाली, पण शेतीचं गाव खरं बदललं ते कारखान्यांनी. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, भोसरीपर्यंत शेडच शेड झाल्या. वाफेची यंत्रणा बनवणाऱ्या फोर्ब्स मार्शलचा कारखाना तर कासारवाडीतच.

सासरे पहिल्या पाळीला जायचे. सासूबाई पहाटे चारला स्टोव्ह पेटवून भाकरी थापायच्या. मेथी-कोथिंबिरीचे वाफे होते तिथे आमच्या घरच्यांनी पत्र्याच्या खोल्या बांधल्या. भाडेकरू आले साताऱ्याचे, खानदेशातले, मराठवाड्यातले. १९७८ मध्ये पुणे–लोणावळा लोकल सुरू झाली आणि स्टेशनजवळची खोली मिळणं अवघड झालं. सासूबाई भाडं मागायला कधी गेल्या नाहीत; पगाराच्या दिवशी बायका आपणहून आणून द्यायच्या आणि चहा पिऊन जायच्या. लातूरच्या एका बाईने मला शेंगदाण्याची चटणी उखळात कुटायला शिकवलं. ही चटणी, हे शेजारपणसुद्धा गावाचा इतिहास आहे असं मी मानते.

वर्षातून एक दिवस मात्र गाव पुन्हा गाव होतं. ज्येष्ठात तुकोबांची पालखी आकुर्डीचा मुक्काम हलवून जुन्या मुंबई रस्त्याने पुण्याकडे निघते ती आमच्या दारावरून. त्या दिवशी जुना गावकरी आणि कालचा भाडेकरू एकाच टेबलामागे उभे राहून वारकऱ्यांना चहा-केळी देतात. कोण कुठला, हे कुणी विचारत नाही.

आता वर उड्डाणपूल आहे, शेजारी मेट्रो. ६ मार्च २०२२ ला पिंपरी–फुगेवाडी मार्ग सुरू झाला आणि कासारवाडीच्या नावाचं स्थानक झालं, याचा मला फार आनंद झाला. फाट्याजवळच्या स्थानकाचं नाव मात्र आधी भोसरी होतं, पुढे नाशिक फाटा झालं.

माझं महापालिकेला आणि मेट्रोला मागणं आहे: कासारवाडी स्थानकात गावाच्या माहितीचा एक फलक लावा. त्यावर शेतांची, विहिरींची जुनी नावं असू द्या. ती सांगणारी माणसं आता थोडी उरली आहेत. ज्यांच्या घरी अशी आजी-आजोबा असतील, त्यांनी या रविवारीच वही घेऊन त्यांच्याजवळ बसावं.