अपघातानंतरचे ४८ तास

मोटारीच्या अपघातातून माणूस स्वतःच्या पायांनी बाहेर येतो, कपडे झटकतो आणि म्हणतो, ‘‘मला काही लागलेले नाही.’’ भोवती जमलेली मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. मग सगळ्यांचे लक्ष गाडीकडे वळते. चेपलेले बॉनेट, क्रेन, विमा कंपनीला फोन, समोरच्या चालकाशी हुज्जत यांत दोन-तीन तास सहज निघून जातात. इतक्या वर्षांच्या वैद्यकीय व्यवसायात मला या वाक्याचीच अधिक धास्ती वाटत आली आहे. जो विव्हळत असतो त्याच्याकडे सर्वांचे लक्ष असते. जो उभा असतो त्याच्याकडे कोणाचेच नसते.

तो खोटे बोलत नसतो. संकटाच्या क्षणी शरीरात अ‍ॅड्रिनलिन आणि तत्सम संप्रेरके मोठ्या प्रमाणात स्रवतात आणि त्यांच्या प्रभावाखाली वेदना काही काळ दबून राहते. शिवाय धडकेचा जोर त्वचेवर दिसतोच असे नाही. गाडी थांबते, पट्टा शरीराला थांबवतो. परंतु कवटीतील मेंदू आणि पोटातील अवयव आणखी क्षणभर पुढे सरकतच असतात. खरी इजा होते ती या क्षणात, आणि ती कळून यायला कधी काही तास, तर कधी एक-दोन दिवस लागतात.

घटनास्थळी करावयाच्या गोष्टी थोड्याच आहेत. गाडीतून उतरता येत असेल तर धोक्याचे दिवे लावून रस्त्याच्या कठड्यापलीकडे जावे. द्रुतगती मार्गावर बंद पडलेल्या गाडीजवळ उभे राहणे हा दुसऱ्या अपघाताला दिलेला आवतणच होय. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे, पोलिसांसह सर्व आपत्कालीन मदतीसाठी ११२, आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३. मानेत वा पाठीत वेदना असणाऱ्याला, हातपाय बधिर झालेल्याला किंवा बेशुद्ध व्यक्तीला ओढून बाहेर काढू नये. आग किंवा पाणी यांचा धोका असेल तरच हा नियम मोडावा. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. हळद किंवा कॉफीची पूड भरू नये, आणि रुतलेली काच उपसू नये. जबर मार लागलेल्याला पाणी किंवा चहा देण्याची आपल्याकडे फार घाई असते. मायेपोटीच होते ते. पण शस्त्रक्रियेसाठी भूल द्यावी लागली, तर भरलेले पोट जिवावर बेतू शकते.

आता डोक्याविषयी. कानशिलाजवळचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतल्या बाजूने एक रोहिणी जाते. ती फाटली तर रक्त कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये हळूहळू साठते. असा रुग्ण काही तास अगदी व्यवस्थित बोलतो, जेवतो, आणि मग झपाट्याने ढासळतो. म्हणून डोक्याला मार लागल्यानंतर दोन किंवा अधिक उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणे, फिट, एका हातापायातील अशक्तपणा, नाकाकानांतून पाण्यासारखा स्राव यांपैकी काहीही दिसले, तर सकाळची वाट पाहू नये, सी.टी. स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. ‘झोपू देऊ नका’ हा समज मात्र सोडावा. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलेल्या रुग्णाने झोपायला हरकत नसते. पहिल्या रात्री दर दोन-तीन तासांनी उठवून नाव, ठिकाण विचारावे, म्हणजे झाले. ज्येष्ठ नागरिक आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणारे यांच्या बाबतीत मी अधिक कडक आहे. त्यांनी लक्षणे नसली तरी त्याच दिवशी तपासून घ्यावे. त्यांच्या मेंदूभोवतीचा रक्तस्राव कधीकधी कित्येक आठवड्यांनी प्रकट होतो. चालताना तोल जाणे, विसरभोळेपणा अशा रूपात. घरची माणसे त्याला ‘वय झाले’ म्हणतात.

पोटाची इजा त्याहून लबाड. रात्री अंघोळीच्या वेळी पोटावर पट्ट्याचा निळसर-लाल वळ दिसला, तर त्याकडे केवळ खरचटणे म्हणून पाहू नये. आतील आतड्याला किंवा इतर अवयवाला मार बसला असण्याची ती खूण असते. डाव्या बरगड्यांखालील प्लीहेला सूक्ष्म चीर गेली, तर रक्त आधी तिच्या वेष्टनातच साठते आणि काही दिवसांनी ते वेष्टन फुटू शकते. पोट कडक होणे, डाव्या खांद्यात अकारण दुखणे, चक्कर, घाम, लघवीतून रक्त ही लक्षणे ध्यानात ठेवावीत. पहिल्या दिवशी सोनोग्राफी निर्दोष आली, एवढ्यावर निश्चिंत होऊ नये. दुखणे वाढले तर पुन्हा तपासणी करावी. (वळ पाहून ‘पट्टाच नको’ म्हणणारेही भेटतात. पट्टा नसता, तर वळ दाखवायला ते आले नसते.)

गर्भवती स्त्रीने अपघात कितीही किरकोळ वाटला तरी त्याच दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे. वार गर्भाशयापासून सुटण्याचा धोका असतो, आणि तिचा रक्तगट आर.एच. निगेटिव्ह असेल, तर ७२ तासांच्या आत द्यावयाच्या इंजेक्शनचा निर्णय घ्यावा लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मान आखडते, ही सर्वांत नेहमीची तक्रार. हातांत मुंग्या किंवा अशक्तपणा नसेल आणि डॉक्टरांनी मणक्याची इजा नाही असे सांगितले असेल, तर पॅरासिटामॉल आणि हळूहळू हालचाल पुरते. पहिल्या दोन दिवसांत मालिश नको, आणि मान ‘बसवून’ देणाऱ्याकडे तर मुळीच जाऊ नये. स्वतःच्या मनाने इतर वेदनाशामक गोळ्या घेणेही टाळावे. त्यांतील काहींमुळे रक्तस्राव वाढतो.

कागदपत्रांचा कंटाळा करू नये. रुग्णालयात अपघाताची नोंद वैद्यकीय-न्यायिक प्रकरण म्हणून होते. ती ‘कटकट’ समजून ‘घरात पडलो’ असे सांगणारे पुढे विम्याच्या वेळी अडचणीत येतात. शिवाय जखमेचे खरे कारण लपवले, की डॉक्टर ज्या इजा शोधायला हव्यात त्या शोधत नाही. मदत करणाऱ्यांनीही बिचकू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आणि मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने जखमीला मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. त्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. मे २०२५ पासून केंद्राची विनारोकड उपचार योजनाही लागू झाली आहे. तीत अपघातग्रस्ताला अपघाताच्या तारखेपासून ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, नियुक्त रुग्णालयांत उपचार मिळतात. पैसे हाताशी नाहीत म्हणून रुग्णालय टाळण्याचे कारण आता उरू नये.

मनालाही धक्का बसलेला असतो. झोप उडणे, हॉर्न ऐकून दचकणे, मुलांनी रात्री उठून रडणे, हे बहुधा काही आठवड्यांत ओसरते. महिना उलटूनही तसेच राहिले, तर मनोविकारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. पुन्हा गाडी केव्हा चालवावी, हा प्रश्न मला हटकून विचारला जातो. गुंगी आणणारी औषधे पूर्ण बंद झालेली असावीत, आणि मान दोन्ही बाजूंना वेदनेविना पूर्ण वळते की नाही, हे आधी घरी खुर्चीत बसून पाहावे.