काथ्याचे नवे बळ

नारळाच्या सोडणातील काथ्यापासून दोर, पायपुसणी आणि गाद्या तयार होतात, हे आपणांस ठाऊकच आहे. तोच काथ्या तागाच्या जोडीने राळेत बसवून प्लायवुडसारखे तक्तेही केले जातात, हे मात्र थोड्यांच्याच ध्यानी आले असेल. केरळात आलप्पुळ्याजवळ कलवूर येथे काथ्या मंडळाची संशोधन संस्था आहे. काथ्याचे असे नवे उपयोग हा तिच्या अभ्यासाचा विषय आहे.

अशा संमिश्र पदार्थात ताण सोसावयाचा तो धाग्याने, आणि धाग्यांना एकत्र धरावयाचे ते राळेने. अडचण अशी की, या दोघांचे सहजासहजी जमत नाही. वनस्पतीच्या धाग्याला पाण्याची ओढ, तर पॉलिएस्टरसारखी राळ पाण्याला दूर ठेवणारी. त्यातच धाग्यावर मेणाचे पुट असते. त्यामुळे राळ वरवरच चिकटते आणि ताण पडताच धागा तुटण्याऐवजी नुसता उपटून येतो.

यावरचा उपाय कापडधंद्यातून आला. सुती कापडावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करण्याचे पेटंट लँकशायरच्या जॉन मर्सर यांनी १८५० साली घेतले होते. आज काथ्या वा ताग या सोड्याच्या सौम्य द्रावणात, बहुधा शेकडा ५ च्या आसपास, काही काळ बुडवितात. मग स्वच्छ धुऊन, उरलेला क्षार सौम्य आम्लाने मारून वाळवितात. मेण, हेमिसेल्युलोज आणि काही लिग्निन निघून जाते. धागा खरखरीत होतो, राळेला पकड मिळते आणि धाग्याची पाण्याची ओढही कमी होते.

सारे कौशल्य प्रमाणात आहे. पापडखार जास्त पडला की तळलेला पापड लाल होतो, हे आमच्या भगिनींना सांगावयास नको. येथे तर क्षार अधिक झाला की धाग्याचा कणा असलेले सेल्युलोजच दुबळे होते. शिवाय काथ्यात लिग्निन सुमारे ४० टक्के, तर तागात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास; म्हणून एकाचे माप दुसऱ्याला लागू पडत नाही.

'निसर्गस्नेही' हे विशेषण मात्र जपूनच वापरावे. पॉलिएस्टर राळ खनिज तेलापासून येते आणि ती कुजत नाही. सोडणे कुजविल्याने केरळच्या खाड्यांचे पाणी आधीच काळे पडून मासळीचे नुकसान झालेले आहे. तेथे धुण्याचे क्षारयुक्त पाणी तसेच सोडणे परवडणारे नाही. आणि असा तक्ता घरी आणलाच, तर कापलेल्या कडांना रोगण अवश्य लावावे. उघड्या कडांतून ओल थेट धाग्यांत शिरते.