कागदाच्या घडीतून भूमिती

त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश असते, हे वाक्य मुले सहज पाठ करतात. परंतु ते खरे का, हे थोड्यांनाच सांगता येते. ही उणीव रंगीत कागदाच्या एका तुकड्याने भरून काढता येते.

प्रत्येक मुलाने मनाजोगता त्रिकोण कापावा व कोन रंगवावेत. सर्वांत लांब बाजू पायाशी ठेवून वरचा कोन असा दुमडावा की, त्याचे टोक पायावर येईल व घडी पायाला समांतर राहील. मग उरलेले दोन्ही कोन आत दुमडून त्याच बिंदूशी आणावेत. तिन्ही कोन शेजारी शेजारी बसून सरळ रेषा पुरी करतात. वर्गातील त्रिकोण निरनिराळे, पण फळ एकच.

टी. सुंदर राव यांनी १८९३ मध्ये मद्रास येथे प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात कागदाच्या घड्यांतून भूमिती विस्ताराने मांडली. फ्रोबेल यांच्या बालोद्यानातील साधनांवरून त्यांस ही कल्पना सुचली होती.

शिक्षकाने उत्तर आधी सांगू नये. घडी म्हणजे सिद्धता नव्हे. ती पुढील इयत्तांत शिकावयाची असते. परंतु सिद्ध काय करावयाचे, हे तोवर मुलाच्या हातांना ठाऊक झालेले असते.