लायका खरंच आठवडाभर जगली होती का?

‘अंतराळात आठवडाभर जगलेली कुत्री’ असं सांगणारं रील तुमच्याही फीडमध्ये आलं असेल. ते खरं नाही. सोव्हिएत संघाने लायकाला ३ नोव्हेंबर १९५७ रोजी स्पुटनिक-२ मधून पृथ्वीच्या कक्षेत पाठवलं. वजनरहित अवस्थेत जिवंत शरीर टिकतं का, हे बघायचं होतं. यान जेमतेम चार आठवड्यांत बनवलेलं, त्यात परत आणायची सोयच नव्हती!

केबिन थंड ठेवणारी यंत्रणा नीट चालली नाही. तापलेला फोन आपण पंख्याखाली धरतो, पण अंतराळात उष्णता वाहून न्यायला हवाच नसते. पारा ४० अंशांवर गेला. म्हणजे देवगाव रंगारीतली मे महिन्याची दुपार, तीही बंद डब्यात. काही तासांतच लायका गेली. जगाला हे कळलं थेट २००२ मध्ये.

कक्षेतून सुखरूप परतल्या त्या बेल्का आणि स्ट्रेल्का, ऑगस्ट १९६० मध्ये. आठ महिन्यांनी युरी गागारिन गेला.

शरीर टिकतं हे आता माहीत आहे. त्यामुळे गगनयानच्या मानवरहित चाचणीसाठी इस्रोने प्राणी निवडला नाही, ‘व्योममित्र’ हा रोबो बनवला. केबिनमधल्या स्थितीवर लक्ष ठेवायचं आणि काही बिघडलं तर इशारा द्यायचा, हे त्याचं काम.