समशेरशिंगी ऑरिक्सचे पुनरागमन

सहारा वाळवंटाच्या दक्षिण काठाने, पावसाच्या चार सरी पडताच हिरवळणारा साहेल नावाचा जो पट्टा पसरला आहे, त्यात चाड देशाने १९६९ साली वादी रिमे–वादी अशीम हे सुमारे ७८ हजार चौरस किलोमीटरांचे राखीव क्षेत्र स्थापिले, तेव्हा त्या मुलखात शुभ्र अंगाचे, तांबूस मानेचे आणि समशेरीसारखी मागे वळलेली शिंगे मिरविणारे ऑरिक्स कुरंग कळपाकळपाने संचार करीत होते. महिनेच्या महिने केवळ वनस्पतींतील ओलाव्यावर गुजराण करणारा आणि घामावाटे पाणी दवडण्याऐवजी देहाचे उष्णतामान ४६ अंशांपर्यंत चढू देणारा हा प्राणी सृष्टीच्या सर्व जाचांना पुरून उरला. मोटार आणि बंदूक यांच्यापुढे मात्र त्याचे काही चालेना, आणि अवर्षण व यादवी यांनी उरलासुरला कळपही संपविला. २००० साली तो निसर्गातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले.

वंश मात्र तगला होता. १९६० च्या दशकात चाडमध्ये पकडलेल्या मोजक्या जनावरांची संतती युरोप-अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांत, टेक्सासच्या खाजगी कुरणांत आणि अबूधाबीच्या राजघराण्याच्या संग्रहात वाढत होती. टेक्सासात दाम मोजून त्यांची शिकार करता येते, हे ऐकून मन विटते. तथापि त्याच सौद्यावर तेथे हजारो जनावरे पोसली गेली, हे नाकबूल करता येत नाही. मूळ पूर्वज थोडे, म्हणून सगोत्र संकराचे भय मोठे; त्यामुळे कोणत्या मादीजवळ कोणता नर सोडावा हे ठरविण्यासाठी प्राणिसंग्रहालयांना त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांप्रमाणे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंशावळीचे दफ्तर राखावे लागले. अबूधाबीच्या पर्यावरण खात्याने पुढे ठिकठिकाणची कुळे एकत्र आणून पुनर्वसनासाठी कळप उभा केला.

ट्युनिसियात १९८५ साली कुंपणाच्या आत असा प्रयोग झालाच होता; चाडमधील संकल्प कुंपणाविना होता. मार्च २०१६ मध्ये २५ जनावरे विमानाने चाडला पोचली, बंदिस्त आवारात तेथील हवापाण्याला सरावली, आणि ऑगस्टात, पाऊस होऊन गवत माजल्यावर, पहिला कळप उपग्रहाशी जोडलेले पट्टे गळ्यात घालून मोकळा सोडण्यात आला. त्यानंतर तुकडीमागून तुकडी सोडली गेली, पाडसे जन्मली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने जुना शेरा काढून ऑरिक्सची नोंद ‘संकटग्रस्त’ या वर्गात केली.

या नोंदीचे श्रेय शास्त्रज्ञांना आणि अबूधाबीच्या खजिन्याला निःसंशय आहे. परंतु त्या अफाट क्षेत्रात उंट-गुरे घेऊन फिरणाऱ्या पशुपालकांनी या परतलेल्या प्राण्याला आपला मानल्याखेरीज कोणत्याही सरकारी बंदोबस्ताने तो तेथे टिकणार नाही.